समुदायस्तरीय चाळणी तपासणी आणि प्रोस्टेट कर्करोगाचे लवकर निदान : अमरावती व अकोला जिल्ह्यांच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

कर्करोग लवकर सापडला तर तो बरा होतो, या सर्वमान्य विधानाच्या आधारे प्रोस्टेट कर्करोगासाठी रक्ततपासणीची सामुदायिक शिबिरे भरविली जातात. प्रस्तुत लेखात या विधानाची मर्यादा तपासली आहे. युरोप, अमेरिका व ब्रिटन येथील दीर्घकालीन चाचण्यांचे निष्कर्ष आणि महाराष्ट्रातील बार्शी, उस्मानाबाद व मुंबई येथील कर्करोग तपासणीचे अनुभव एकत्र ठेवून, वऱ्हाडातील पुरुषांसाठी कोणती तपासणी समुदायस्तरावर करावी आणि कोणती व्यक्तिगत सल्ल्यानंतरच करावी, याचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : चाळणी तपासणी, प्रोस्टेट ग्रंथी, पीएसए, अतिनिदान, ग्रामीण आरोग्य, वऱ्हाड.

प्रस्तावना

महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे हिवाळी शिबिर असो, एखाद्या सेवाभावी मंडळाचा वर्धापनदिन असो किंवा ग्रामदैवताची यात्रा असो, आरोग्य तपासणी हा अशा प्रसंगांचा जणू अविभाज्य भाग झाला आहे. रक्तदाब, मधुमेह व डोळ्यांच्या तपासणीबरोबर आता पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषांसाठी प्रोस्टेटची रक्ततपासणीही मोफत केली जाते. रक्त घेणे सोपे असते, खर्च देणगीतून भागतो आणि तपासलेल्यांची संख्या अहवालात नोंदविता येते. या उपक्रमामागील हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

प्रश्न उपस्थित होतो तो शिबिराचा मांडव उतरल्यानंतर. दर्यापूर किंवा बाळापूर तालुक्यातील साठ वर्षांच्या एखाद्या शेतकऱ्याच्या हाती तपासणीचा कागद येतो व त्यावर एक आकडा कमाल मर्यादेपेक्षा अधिक असतो. हा आकडा म्हणजे कर्करोग आहे काय? पुढची तपासणी कोठे करावयाची, तिचा खर्च कोणी करावयाचा, आणि ती न केल्यास काय होईल? या प्रश्नांची उत्तरे शिबिर भरविणाऱ्याकडे नसतील, तर तपासणीने त्या माणसाला दिले काय, याचा विचार शिक्षित समाजाने, विशेषतः अशी शिबिरे आयोजित करणाऱ्या प्राध्यापकवर्गाने, करणे अगत्याचे ठरते.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत लेखाची तीन उद्दिष्टे आहेत. पहिले, चाळणी तपासणी या संकल्पनेचे शास्त्रीय निकष समजावून देणे. दुसरे, प्रोस्टेट कर्करोगाच्या बाबतीत हे निकष कितपत पूर्ण होतात ते पाहणे. तिसरे, महाराष्ट्रातील यशस्वी सामुदायिक प्रयोगांच्या आधारे अमरावती व अकोला जिल्ह्यांसाठी काही सूचना करणे. त्यासाठी प्रकाशित संशोधन, शासकीय कार्यक्रमांची मार्गदर्शक तत्त्वे व कर्करोग नोंदणी यांसारख्या दुय्यम साधनांचा आधार घेतला असून विवेचनाची पद्धती वर्णनात्मक व विश्लेषणात्मक आहे.

चाळणी तपासणी : अर्थ व निकष

तक्रार घेऊन आलेल्या रुग्णाची केलेली तपासणी ही निदानासाठीची तपासणी होय. कोणतीही तक्रार नसलेल्या, स्वतःला निरोगी समजणाऱ्या व्यक्तींमधून संभाव्य रोगी वेगळे काढण्यासाठी केलेली तपासणी ही चाळणी तपासणी होय. हा भेद केवळ शब्दांचा नाही. रुग्ण डॉक्टरकडे स्वतःहून येतो, तर चाळणी तपासणीत आरोग्यव्यवस्थाच निरोगी माणसाच्या दारी जाते. म्हणून येथे जबाबदारीही अधिक असते.

चाळणीची उपमा येथे तंतोतंत लागू पडते. चाळणीची छिद्रे मोठी ठेवली तर खडेही दाण्याबरोबर खाली जातात. छिद्रे बारीक ठेवली तर चांगला दाणाही वर अडकून राहतो. रक्ततपासणीची मर्यादा वर नेली तर काही रोगी निसटतात व खाली आणली तर अनेक निरोगी माणसे रोगी ठरतात. दोन्ही दोष एकाच वेळी टाळणारी चाळणी वैद्यकशास्त्राला अद्याप सापडलेली नाही.

जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन व युंगनर यांनी १९६८ मध्ये चाळणी तपासणीचे दहा निकष मांडले. आजही या विषयाची चर्चा तेथूनच सुरू होते. रोग समाजाच्या दृष्टीने महत्त्वाचा असावा, त्याची सुप्तावस्था ओळखता यावी, त्याचा नैसर्गिक प्रवास पुरेसा ज्ञात असावा, तपासणी लोकांना मान्य होण्यासारखी असावी, निदान व उपचाराच्या सोयी उपलब्ध असाव्यात, कोणावर उपचार करावयाचे याविषयी निश्चित धोरण असावे आणि रुग्णशोध ही एकदाच उरकण्याची मोहीम नसून सतत चालणारी प्रक्रिया असावी, हे त्यांतील प्रमुख निकष होत. एका दिवसाचे शिबिर यांपैकी शेवटचा निकष मुळातच पूर्ण करू शकत नाही, हे सहज ध्यानात येईल.

प्रोस्टेट ग्रंथी व पीएसए तपासणी

प्रोस्टेट ही पुरुषाच्या मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाला वेढून असलेली लहानशी ग्रंथी आहे. वय वाढते तशी ती बहुतेक पुरुषांमध्ये आकाराने वाढते. लघवीची धार बारीक होणे, रात्री वारंवार उठावे लागणे, लघवी थांबत थांबत होणे या तक्रारी बहुधा या साध्या वाढीमुळे निर्माण होतात. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. उलट, प्रोस्टेटचा कर्करोग प्रारंभी बहुधा ग्रंथीच्या बाहेरील भागात उद्भवत असल्यामुळे दीर्घकाळ कोणतीही तक्रार निर्माण करीत नाही. तो हाडांत पसरल्यावर पाठ, कंबर वा खुब्याचे दुखणे सुरू होते.

या ग्रंथीत तयार होणारे एक प्रथिन अल्प प्रमाणात रक्तात उतरते. त्यास संक्षेपाने पीएसए म्हणतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९८६ मध्ये या तपासणीस मान्यता दिली ती निदान झालेल्या रुग्णांवर देखरेख ठेवण्यासाठी. कर्करोगाच्या शोधासाठी, गुदमार्गातून बोटाने करावयाच्या तपासणीच्या जोडीने, तिचा वापर करण्यास मान्यता मिळाली ती १९९४ मध्ये. म्हणजेच उपचारानंतरच्या देखरेखीसाठी वापरात आलेले साधन पुढे निरोगी माणसांच्या चाळणीसाठी वापरले जाऊ लागले.

पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथीचे लक्षण आहे, कर्करोगाचे नव्हे. ग्रंथीची साधी वाढ, जंतुसंसर्ग, लघवी तुंबणे, मूत्रमार्गात नळी घातलेली असणे या कारणांनीही ते वाढते. याउलट ग्रंथीचा आकार कमी करण्यासाठी दिले जाणारे फिनास्टेराइड हे औषध दीर्घकाळ घेतल्यास पीएसएचा आकडा जवळजवळ निम्म्याने घटतो व रोग झाकला जाऊ शकतो. परंपरेने प्रति मिलिलिटर ४ नॅनोग्रॅम ही मर्यादा मानली जाते. तथापि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात, हा आकडा ४ किंवा त्याहून कमी असलेल्या पुरुषांपैकी सुमारे १५ टक्के पुरुषांच्या ग्रंथीत कर्करोगाच्या पेशी आढळल्या. थोडक्यात, वाढलेला आकडा कर्करोग सिद्ध करीत नाही आणि कमी आकडा निर्धास्त राहण्याची खात्री देत नाही. निश्चित निदानासाठी ग्रंथीतील ऊतींचे तुकडे काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासावे लागतात. या प्रक्रियेत रक्तस्राव व जंतुसंसर्गाचा धोका असतो.

आगाऊ निदानाचा आभास व अतिनिदान

लवकर निदान झालेले रुग्ण अधिक वर्षे जगतात, हे विधान वरवर निर्विवाद वाटते. परंतु त्यात एक फसवी बाजू आहे. समजा, दोन पुरुषांचा मृत्यू प्रोस्टेट कर्करोगाने वयाच्या ७५ व्या वर्षी होणार आहे. पहिल्याचे निदान तक्रारी सुरू झाल्यावर ७२ व्या वर्षी झाले, दुसऱ्याचे चाळणी तपासणीमुळे ६५ व्या वर्षी. पहिला निदानानंतर तीन वर्षे जगला व दुसरा दहा वर्षे, असे नोंदीत दिसेल. प्रत्यक्षात दुसऱ्याच्या आयुष्यात एक दिवसाचीही भर पडलेली नाही. केवळ रुग्ण म्हणून जगण्याची सात वर्षे वाढली. म्हणून चाळणी तपासणीचा उपयोग निदानानंतरच्या आयुर्मानावरून ठरविता येत नाही. तपासलेल्या व न तपासलेल्या अशा दोन तुल्य गटांतील मृत्यूंची तुलना करूनच तो ठरवावा लागतो.

दुसरी अडचण अतिनिदानाची आहे. प्रोस्टेटचे अनेक कर्करोग इतके मंदगती असतात की ते घेऊनच माणूस वृद्धत्वाने वा अन्य आजाराने मरण पावतो. अन्य कारणाने मृत्यू पावलेल्या वृद्ध पुरुषांच्या शवविच्छेदनात प्रोस्टेटमध्ये कर्करोगाच्या पेशी सापडणे ही विरळ गोष्ट नाही. असा सुप्त रोग चाळणीने शोधून काढला की त्यावर उपचार करण्याचा आग्रह सुरू होतो. शस्त्रक्रिया व किरणोपचार यांमुळे लैंगिक दुर्बलता व लघवीवरील नियंत्रण जाणे असे कायमस्वरूपी परिणाम संभवतात. ज्या रोगाने कधीच त्रास दिला नसता, त्याच्या उपचाराने मात्र आयुष्यभराचा त्रास होतो.

दीर्घकालीन चाचण्यांचा पुरावा

या विषयावरील सर्वांत मोठा युरोपीय अभ्यास १९९० च्या दशकात सुरू झाला. सात देशांतील ५५ ते ६९ वयोगटातील सुमारे १ लाख ६२ हजार पुरुष त्याच्या मुख्य गटात होते. २००९ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षानुसार तपासणीस बोलावलेल्या गटात प्रोस्टेट कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी झाले. मात्र एक मृत्यू टाळण्यासाठी सुमारे १,४१० पुरुषांना तपासणीस बोलवावे लागले व ४८ अधिक पुरुषांवर उपचार करावे लागले. पुढे २३ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात ही घट १३ टक्के आढळली; एका मृत्यूमागे बोलावलेल्या पुरुषांची संख्या ४५६ वर व अधिकच्या निदानांची संख्या १२ वर आली. यावरून तपासणीचा लाभ खरा आहे, परंतु तो दोन दशकांच्या अंतराने व पुनःपुन्हा केलेल्या तपासणीतून दिसतो, हे स्पष्ट होते.

अमेरिकेत त्याच काळात सुमारे ७६ हजार पुरुषांवर झालेल्या चाचणीत मृत्यूंमध्ये घट दिसली नाही. तेथे नियंत्रण गटातील बहुसंख्य पुरुषांनीही बाहेरून पीएसए करून घेतल्यामुळे तुलनाच पुसट झाली, असा आक्षेप घेतला जातो. शिबिराच्या दृष्टीने सर्वांत बोलका अभ्यास ब्रिटनमधील आहे. तेथे चार लाखांहून अधिक पुरुषांच्या चाचणीत एका गटास केवळ एकदाच पीएसए तपासणीसाठी बोलाविण्यात आले. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या १५ वर्षांच्या निष्कर्षानुसार प्रोस्टेट कर्करोगाने झालेल्या मृत्यूंचे प्रमाण बोलावलेल्या गटात ०.६९ टक्के व दुसऱ्या गटात ०.७८ टक्के होते. म्हणजेच हजारामागे जेमतेम एका मृत्यूचा फरक पडला. एकदाच केलेली तपासणी, म्हणजे शिबिराचे जे स्वरूप असते तेच, किती अल्प लाभ देते हे यावरून कळते.

अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने २०१२ मध्ये सर्व वयोगटांसाठी पीएसए चाळणीच्या विरोधात शिफारस केली. २०१८ मध्ये ती बदलून ५५ ते ६९ वयोगटात डॉक्टरशी चर्चा करून व्यक्तीने स्वतः निर्णय घ्यावा आणि ७० वर्षांपुढे ही तपासणी करू नये, असे सांगितले. त्या वेळी मांडलेला हिशेब असा : या वयोगटातील १,००० पुरुषांना सुमारे १३ वर्षे तपासले, तर सुमारे २४० जणांची तपासणी केव्हा ना केव्हा सकारात्मक येते, १०० जणांत कर्करोग आढळतो, सुमारे ८० जण शस्त्रक्रिया वा किरणोपचार घेतात, त्यांतील सुमारे ५० जणांना लैंगिक दुर्बलता व १५ जणांना लघवीवर ताबा न राहण्याचा त्रास होतो, आणि १ ते २ मृत्यू टळतात.

याचा अर्थ प्रगत देशांनी हा विषय सोडून दिला असा नाही. स्थानिक स्वरूपाचा रोग असलेल्या १,६४३ पुरुषांच्या ब्रिटिश अभ्यासात, निरीक्षण, शस्त्रक्रिया व किरणोपचार यांपैकी कोणताही मार्ग दिला तरी १५ वर्षांत प्रोस्टेट कर्करोगाने मृत्यू पावलेल्यांचे प्रमाण सुमारे ३ टक्केच राहिले, असे २०२३ मध्ये दिसून आले. त्यामुळे कमी धोक्याच्या रोगावर लगेच उपचार न करता नियमित लक्ष ठेवण्याचा मार्ग रूढ झाला आहे. स्वीडनमधील गोटेन्बर्ग येथील २०२२ च्या अभ्यासात पीएसएनंतर एमआरआय करून केवळ संशयास्पद भागातील ऊती घेतल्यास निरुपद्रवी कर्करोगांचे निदान निम्म्यावर येते, असे आढळले. परंतु या सर्व सुधारणा एमआरआय यंत्र, अनुभवी क्ष-किरणतज्ज्ञ, मूत्ररोगतज्ज्ञ व वर्षानुवर्षांचा पाठपुरावा यांवर उभ्या आहेत, हे विसरून चालणार नाही.

महाराष्ट्रातील अनुभव : बार्शी, उस्मानाबाद व मुंबई

समुदायात जाऊन कर्करोग शोधण्याचा भारतातील सर्वांत मोलाचा अनुभव महाराष्ट्राच्याच ग्रामीण भागात मिळाला आहे. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८२ मध्ये नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय सुरू झाले व १९८७ मध्ये तेथे देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा व भूम या तीन तालुक्यांतील ३४६ गावे तिच्या कक्षेत आली. शहरातील नोंदणी रुग्णालयांच्या कागदपत्रांवर चालते. परंतु खेड्यातील रुग्ण रुग्णालयापर्यंत पोहोचतच नसल्यामुळे बार्शीच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव जाऊन लोकांशी बोलण्याची, कर्करोगाची लक्षणे समजावून देण्याची व संशयित व्यक्तींना रुग्णालयात आणण्याची पद्धत स्वीकारली.

या पद्धतीचा एक अनपेक्षित परिणाम झाला. कोणतीही विशेष चाळणी तपासणी केलेली नसताना, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्णांपैकी प्रारंभीच्या टप्प्यात येणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण काही वर्षांतच वाढल्याचे बार्शीच्या संशोधकांनी १९९५ मध्ये दाखवून दिले. लक्षण ओळखणे, ते संकोच न बाळगता सांगणे व ठरलेल्या ठिकाणी उपचार मिळण्याची खात्री असणे, एवढ्यानेही रोग लवकर हाती लागतो, हा बार्शीचा पहिला धडा होय.

दुसरा धडा शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातील आहे. तेथे ३० ते ५९ वयोगटातील १ लाख ३१ हजार ७४६ स्त्रियांचा अभ्यास टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे रुग्णालय व आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून केला. गावांचे ५२ समूह करून तीन गटांना तीन वेगवेगळ्या तपासण्या व चौथ्या गटास नेहमीची आरोग्यसेवा देण्यात आली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार एचपीव्ही विषाणूची एकदा केलेली तपासणी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणू शकली. अन्य दोन तपासण्यांनी लक्षणीय घट झाली नाही. चौथ्या गटातील स्त्रियांची तपासणी न केल्याबद्दल पुढे नैतिक वादही झाला. मुंबईच्या वस्त्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी केवळ सौम्य ॲसिटिक आम्ल लावून केलेल्या निरीक्षणाने हे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे २०१४ मध्ये जाहीर झाले. अभ्यासांचे निष्कर्ष परस्परांहून भिन्न असले तरी एक गोष्ट समान आहे. कोणती तपासणी उपयोगी पडते हे हेतूवरून ठरत नाही. ते मृत्यूंची मोजदाद करूनच ठरते.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगात पूर्वावस्था स्पष्ट असते, तिच्यावरील उपचार सोपा व एका भेटीत होण्यासारखा असतो. प्रोस्टेटच्या बाबतीत अशी उपचारयोग्य पूर्वावस्था उपलब्ध नाही. म्हणून बार्शीची वा उस्मानाबादची यशोगाथा जशीच्या तशी प्रोस्टेटला लागू करता येत नाही. तेथून घ्यावयाचे ते तपासणीचे तंत्र नव्हे, तर समुदायाशी वागण्याची रीत.

वऱ्हाडातील वास्तव

वऱ्हाडाला ही रीत अपरिचित नाही. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये अमरावतीजवळ तपोवनात कुष्ठरुग्णांसाठी कार्य सुरू केले. १९५० च्या दशकात वर्ध्याच्या गांधी स्मारक कुष्ठरोग निवारण संस्थेने सर्वेक्षण, शिक्षण व उपचार या त्रिसूत्रीवर घरोघर जाऊन कुष्ठरुग्ण शोधण्याची पद्धत विकसित केली. रुग्ण शोधणाऱ्यानेच त्याच्या उपचाराची जबाबदारी घ्यावयाची, हा या त्रिसूत्रीचा गाभा होता. उपचाराविना केलेला शोध हा रोग्याच्या कपाळी केवळ शिक्का मारतो, हे त्या कार्यकर्त्यांना अनुभवाने कळले होते.

शासनाचा असंसर्गजन्य रोग नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये देशातील १०० जिल्ह्यांत सुरू झाला, तेव्हा अमरावती हा त्यांपैकी एक होता. २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मुख, स्तन व गर्भाशयमुख या तीन कर्करोगांची लोकसंख्याधारित तपासणी करावयाची आहे. आशा कार्यकर्ती तीस वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीची माहिती एका ठराविक पत्रकात भरते व संशयितास आरोग्यकेंद्राकडे पाठविते. या यादीत प्रोस्टेट नाही. ही शासनाची विस्मृती नसून वर दिलेल्या पुराव्याशी सुसंगत असा निर्णय आहे.

रोगभाराची तुलनाही बोलकी आहे. आंतरराष्ट्रीय अंदाजांनुसार २०२२ मध्ये भारतात प्रोस्टेट कर्करोगाचे सुमारे ३८ हजार नवे रुग्ण होते, तर पुरुषांतील ओठ व मुखाच्या कर्करोगाचे रुग्ण एक लाखाहून अधिक होते. खर्रा, तंबाखू व सुपारी यांचे विदर्भातील प्रमाण सर्वज्ञात आहे. महाराष्ट्रात जुलै २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, परंतु खर्ऱ्याची सवय गेली नाही. केरळमधील तिरुवनंतपुरम येथे प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी बॅटरीच्या उजेडात केलेल्या तोंडाच्या तपासणीने तंबाखू वा मद्य सेवन करणाऱ्यांतील मुखकर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचे २००५ मध्ये सिद्ध झाले. शिबिरात आलेल्या त्याच साठ वर्षांच्या शेतकऱ्याचे रक्त पीएसएसाठी घेतले जाते, पण त्याचे तोंड कोणी उघडून पाहत नाही, ही प्राधान्यक्रमातील मोठीच विसंगती होय.

तथापि प्रोस्टेट कर्करोगाकडे दुर्लक्ष करणेही योग्य नाही. आयुर्मान वाढते तसे या रोगाचे रुग्ण वाढणार आहेत. २०२४ मध्ये एका आंतरराष्ट्रीय आयोगाने जगातील वार्षिक नव्या रुग्णांची संख्या २०२० मधील १४ लाखांवरून २०४० पर्यंत २९ लाखांवर जाईल, असा अंदाज वर्तविला. भारतात या रोगाचे अनेक रुग्ण तो पसरल्यावरच रुग्णालयात येतात. त्यामागे चाळणी तपासणीच्या अभावापेक्षा लक्षणांची उपेक्षा हे कारण अधिक जवळचे आहे. लघवीचा त्रास हा वयाचा धर्म समजला जातो. सून व नातवंडांच्या घरात वृद्ध पुरुष तो बोलून दाखवीत नाही. कंबरदुखी शेतीच्या कष्टांच्या खाती जमा होते व मलम आणि वेदनाशामक गोळ्यांवर महिने निघून जातात. मणक्यात पसरलेला रोग मज्जारज्जू दाबू लागला की पायांतील शक्ती जाते. त्या वेळी काही तासांचा विलंबही कायमचे अपंगत्व आणू शकतो. अशा पुढच्या टप्प्यातील रुग्णालाही हार्मोन उपचारांनी आराम मिळतो व अनेकांना काही वर्षांचे बरे आयुष्य लाभते. म्हणून निराशेने घरी बसून राहणे चुकीचे आहे.

उपचाराची वाट मात्र लांबची आहे. अमरावतीचे विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय व डॉ. पंजाबराव देशमुख स्मृती वैद्यकीय महाविद्यालय, अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व संत तुकाराम रुग्णालय, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आणि शेवटी मुंबईचे टाटा रुग्णालय, असे या वाटेवरील टप्पे आहेत. धारणीसारख्या मेळघाटातील तालुक्याच्या ठिकाणाहून अमरावतीच सव्वाशे किलोमीटरहून अधिक दूर पडते. मुंबईस जाणाऱ्या गरीब रुग्णांना दादरच्या श्री संत गाडगे महाराज धर्मशाळेचा आधार मिळतो. शेंडगावच्या या वऱ्हाडी संताच्या नावाने आजही वऱ्हाडातील रुग्णांच्या डोक्यावर छप्पर आहे, ही कृतज्ञतेने नोंदवावी अशी बाब आहे. शासनाची जीवनदायी योजना जुलै २०१२ मध्ये पहिल्या टप्प्यात आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत अमरावतीचा समावेश होता. आज ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. परंतु तिचे स्वरूप मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांचे आहे. वाढलेल्या आकड्यापासून निश्चित निदानापर्यंतच्या खेपा, एमआरआय, सोबत येणाऱ्या मुलाची बुडालेली मजुरी हा भार कुटुंबावरच पडतो. तोंडातील चट्टा असो वा पीएसएचा आकडा, पुढील वाट न आखता केलेली तपासणी या कुटुंबाला कर्जाच्या आणखी एका कारणाकडे नेऊ शकते.

सूचना

१) महाविद्यालये, राष्ट्रीय सेवा योजना पथके व सेवाभावी मंडळे यांनी सरसकट पीएसए तपासणीची शिबिरे भरवू नयेत. त्याऐवजी मुखतपासणी, रक्तदाब व मधुमेह यांस प्राधान्य द्यावे आणि संशयितांची यादी त्याच दिवशी आरोग्यकेंद्राकडे सोपवावी.

२) बार्शीच्या धर्तीवर लक्षणशिक्षणाचा कार्यक्रम हाती घ्यावा. लघवी तुंबणे, लघवीतून रक्त जाणे, पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली व विश्रांतीनेही न थांबणारी कंबरदुखी, विनाकारण वजन घटणे, पायांत अचानक अशक्तपणा येणे ही लक्षणे सांगावीत. हे शिबिर नव्हे, तर पारावरची बैठक असावी व ती वर्षभर चालावी.

३) वेळेची निवड कृषिजीवनाशी जुळवावी. सोयाबीनची काढणी, कपाशीची वेचणी व तुरीची कापणी यांत ऑक्टोबर ते जानेवारी हा काळ जातो. राष्ट्रीय सेवा योजनेची हिवाळी शिबिरे नेमकी याच काळात होतात व कर्ता पुरुष शेतात असतो. आरोग्यविषयक भाग सायंकाळी किंवा फेब्रुवारीनंतर ठेवणे अधिक फलदायी ठरेल.

४) पित्याला वा भावाला प्रोस्टेट कर्करोग झालेल्या पुरुषांनी साधारणतः पंचेचाळिशीनंतर व अन्य इच्छुकांनी पन्नाशीनंतर मूत्ररोगतज्ज्ञाशी चर्चा करून पीएसएविषयी निर्णय घ्यावा. सत्तरीनंतर तक्रार नसताना ही तपासणी सहसा करू नये. प्राध्यापकवर्गातील अनेकांच्या वार्षिक आरोग्य तपासणीत हा आकडा न मागता समाविष्ट असतो. तो वाढलेला आल्यास घाबरून न जाता जंतुसंसर्ग नसल्याची खात्री करून काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी.

५) कोणत्याही तपासणीपूर्वी तिचा लाभ, तिचे दोष व पुढील मार्ग वऱ्हाडी बोलीत समजावून सांगून संमती घ्यावी. कागदावरील अंगठा म्हणजे संमती नव्हे.

६) संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेतील समाजशास्त्र, गृहविज्ञान, संख्याशास्त्र व समाजकार्य विभागांनी वैद्यकीय महाविद्यालयांच्या सहकार्याने लक्षण दिसल्यापासून निदानापर्यंत किती काळ जातो व तो कोठे जातो, याचा तालुकानिहाय अभ्यास करावा.

निष्कर्ष

प्रोस्टेट कर्करोगाची पीएसएद्वारे केलेली चाळणी काही मृत्यू टाळते, हे आता सिद्ध झाले आहे. परंतु हा लाभ पुनःपुन्हा केलेली तपासणी, अचूक पुढील निदान व कमी धोक्याच्या रोगावर उपचार न करण्याचा संयम यांवर अवलंबून आहे. एकदिवसीय शिबिरात यांपैकी काहीही नसते. वऱ्हाडातील पुरुषांसाठी समुदायस्तरावर मुखाची तपासणी करणे, प्रोस्टेटच्या बाबतीत लक्षणांचे शिक्षण देणे आणि पीएसएचा निर्णय व्यक्ती व तज्ज्ञ यांच्या चर्चेवर सोपविणे, हा आजच्या पुराव्याशी सुसंगत मार्ग होय. वर्ध्याच्या कुष्ठकार्याने व बार्शीच्या कर्करोग नोंदणीने घालून दिलेला दंडक येथेही लागू पडतो. ज्याच्या दारी आपण रोग शोधण्यासाठी जातो, त्याला उपचाराच्या दारापर्यंत पोहोचविण्याची तयारी आधी करावी व मगच रक्ताचा नमुना घ्यावा.